मुख्यालय सोडण्याची परवानगी

खराडीच्या आमच्या ऑफिसात लिफ्टसमोर एक भलंमोठं चित्र लावलंय. समुद्रकिनारा, नारळाची झाडं, दोन झाडांना बांधलेली झोळी, झोळीत एक हसरी मुलगी आणि तिच्या मांडीवर लॅपटॉप. खाली इंग्रजीत लिहिलंय, ‘कुठूनही काम करा’. त्या मुलीचा मला मनापासून राग येतो. तिनं झोळीत बसून एक ईमेल टाइप करून दाखवावी. भर उन्हात पडद्यावर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही, वाळू बटणांत जाते, आणि चार्जर कुठे लावलाय बाईनं? नारळाला?

मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत सांगायच्या, असं हे काम आहे. पहिला भाग मला चांगला जमतो. लॉकडाऊन लागला तेव्हा कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि पुढे कित्येक वर्षं मी वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमधूनच काम केलं. घरात मी आणि पप्पा. आई होती तोवर तिघं.

घरून काम करणाऱ्या बाईला लोक काय समजतात हे एकदा अनुभवावं. ‘तुझं बरं आहे, घरीच असतेस,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की मीच पुरं करते. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे. गॅसवाला आला की माझी बेल. पाण्याचा टँकर आला की नाही ते मी खिडकीतून बघून ग्रुपवर टाकायचं. एकदा मीटिंग चालू असताना शेजारच्या काकू दार वाजवून म्हणाल्या, ‘अगं, कॉम्प्युटरशीच बोलतेयस ना? मग जरा माझ्या दुधावर लक्ष ठेव.’ मी ठेवलं. मीटिंगमध्ये इंग्लंडमधला क्लायंट बोलत होता आणि मी काकूंच्या दुधाकडे बघत होते. दूध उतू गेलं नाही, याचं श्रेय आजतागायत कुणी दिलेलं नाही.

पप्पांना मात्र माझ्या कामाबद्दल वेगळीच शंका होती. ते सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. त्यांच्या काळी नोकराला नेमणुकीचं गाव सोडायला परवानगी लागायची. त्या गावाला मुख्यालय म्हणायचं. रविवार असो, दिवाळी असो, गावाबाहेर जायचं तर आधी अर्ज करायचा, ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी ही विनंती’, आणि साहेबांची सही होईपर्यंत थांबायचं. पप्पांच्या हाडामांसात हे इतकं मुरलंय की निवृत्तीनंतरही ते चार दिवस गावी जायचे तर सोसायटीच्या चेअरमनना सांगून जायचे. चेअरमन गोंधळून म्हणायचे, ‘जा की काका, मला काय विचारता?’ पप्पांना ती परवानगी वाटायची.

या मुख्यालयाची आमच्या घरात एक जुनी जखम होती. माझा जन्म झाला तेव्हा पप्पा एका तालुक्याच्या गावी होते आणि आई पुण्यात, मामाकडे. पप्पा आले ते माझं नाव ठेवायच्या दिवशी. आई याबद्दल कधी भांडली नाही. ती एवढंच म्हणायची, ‘हिच्या जन्माला साहेबाची सही मिळाली नाही.’ आलेल्या पाहुण्यांसमोर, चहा ओतता ओतता म्हणायची. पप्पा पेपर वर धरायचे.

आईला लुंबिनी बघायची होती. बुद्धगया नव्हे, सारनाथ नव्हे, लुंबिनी. विहारात कुणी तथागतांच्या जन्माची गोष्ट सांगू लागलं की ती पुढे सरकून बसायची. ‘महामाया बाळंतपणाला माहेरी निघालेली आणि वाटेतच, झाडाखाली. सोबत कोण, तर दासी,’ असं ती नंतर घरी येऊन सांगायची. जणू शेजारच्या वस्तीतली कुणी ओळखीची बाई. गुडघ्यांमुळे आज जाऊ उद्या जाऊ करता करता आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याला, लोक जेवून गेल्यावर पप्पा म्हणाले, ‘आपल्या येरवड्याच्या विहारातून यात्रा निघतेय. मी नाव देतो.’ आयुष्यात पहिल्यांदा ते ‘देऊ का’ म्हणाले नाहीत.

यात्रेची अट अशी की सत्तरीच्या पुढच्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी हवं. पप्पा चौऱ्याहत्तर. घरचं कुणीतरी म्हणजे मी, कारण दुसरं कुणी नाहीच. आणि माझी त्या वर्षीची रजा पप्पांच्या मोतीबिंदूत आणि आईच्या दिवसकार्यात संपत आलेली. उरले होते दोन दिवस.

तेव्हा मला ती झोळीतली मुलगी आठवली. मी खराडीला जाऊन मॅनेजरला भेटले. माझ्याहून बराच लहान, अत्यंत गोड मुलगा. इतका गोड की त्याच्याशी बोलून बाहेर पडल्यावर आपल्याला काय मिळालं ते शोधावं लागतं.

‘अरे, बिनधास्त जा ना!’ तो म्हणाला. ‘पॉलिसीच आहे आपली. भारतात कुठूनही. फादरसोबत क्वालिटी टाइम, वॉव. फक्त मीटिंगला अव्हेलेबल राहा, दॅट्स इट.’

‘लुंबिनी नेपाळमध्ये आहे. लॅपटॉप देशाबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. ते दोन दिवस मी रजा टाकते.’

‘डन. टाक तू.’

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

‘लेखी घेतलंस का?’

‘चॅटवर त्याचा अंगठा आलाय पप्पा. थम्स अप.’

‘अंगठा?’ पप्पा म्हणाले. ‘आमच्या वेळी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा द्यायचा.’

मी हसले. आमचं मुख्यालय वगैरे काही नसतं, जिथे लॅपटॉप तिथे ऑफिस, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे मुख्यालय तुझ्या पाठीवरच बांधलंय?’

गयेपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. बसमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. पोस्टातले, कारखान्यातले, शाळेतले. वर्षानुवर्षं बेत करून निघालेली. यात्रेचे प्रमुख बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, अतिशय शिस्तीचे. माझ्या शेजारच्या सीटवर एक मावशी, त्यांच्या पिशवीत लसणाची चटणी, भाकरीचं पीठ आणि सगळ्या दुखण्यांवरचं एक मलम. सोबत आमचा आचारी, त्याच्या गॅसच्या टाक्या आणि शिध्याची एक कुलूपबंद पत्र्याची पेटी. पुणेकर कुठेही गेला तरी त्याला दुपारी वरणभात लागतो.

इंग्लंडवाल्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. त्यामुळे माझी मीटिंग नेमकी बस रस्त्यावर असताना यायची. पहिल्या दिवशी मी कानात यंत्र घालून खालच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. मागे मंडळी भीमगीतं म्हणत होती. टाळ्या, खंजिरी, सगळं जोरात. पलीकडून कुणीतरी विचारलं, ‘इज देअर अ वेडिंग?’ मॅनेजरनं लगेच खासगीत लिहिलं, ‘प्लीज कंट्रोल बॅकग्राउंड.’

बॅकग्राउंड! मोतीबिंदू काढलेली, गुडघे बदललेली, जन्मभर राबून एकदाच निघालेली माणसं गात होती, त्यांना हा शब्द.

प्रमुखांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बसचा माइक घेतला आणि म्हणाले, ‘मंडळी, ताईंची ऑफिसची मीटिंग सुरू होतेय. संपेपर्यंत आपण सर्वांनी शांत बसावे ही विनंती.’ सगळी बस गप्प झाली. मावशींनी खंजिरी पदराखाली घेतली. कुणाला खोकला आला तरी तो माणूस रुमाल तोंडावर दाबायचा. खिडकीबाहेर मोहरीची पिवळी शेतं जात होती, मी इंग्रजीत एका बटणाच्या रंगाबद्दल बोलत होते, आणि ही माणसं माझी नोकरी जाऊ नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती. मीटिंग संपल्यावर मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘झालं का गं? म्यूट काढू का आम्ही आता?’

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बटण निळं असावं की हिरवं, यासाठी चाळीस माणसांची वाचा बंद करायचा हक्क कुणाला कुणी दिला, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. आणि कुणालाही राग आला नव्हता याचा मला सगळ्यात जास्त राग आला. या लोकांना आयुष्यभर कुणीतरी गप्प बसायला सांगितलंय. ते त्यांना इतकं सवयीचं असू नये.

आसपासची ठिकाणं करून बुद्धगयेला आलो तेव्हा बोधिवृक्षाखाली पप्पा तासभर डोळे मिटून बसले. मी आवाराबाहेर एका चहावाल्याच्या बाकावर, त्याच्या प्लगला चार्जर लावून. तोही दिवस गेला म्हणायचा. पप्पा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘असू दे. लुंबिनीला तुझी रजा आहे ना?’

‘आहे पप्पा. मंजूर आहे.’

‘मग झालं तर.’ तिथून पुढे त्यांनी ते रोज एकदा विचारलं. इथे तिथे मी नसले तरी चालेल, लुंबिनीला मी शेजारी हवी, हे त्यांनी कधी म्हटलं नाही. ते रजेबद्दल विचारत राहिले, तेवढ्यावरून मी समजायचं होतं. समजलेही.

कुशीनगरहून सकाळी सीमेकडे निघालो. सोनौलीला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बसला पलीकडे जायचा परवाना काढायचा होता, त्याला वेळ लागणार होता. मंडळी खाली उतरून चहाच्या टपरीवर पांगली. रस्त्यावर एक मोठी कमान, तिच्या अलीकडे आपण, पलीकडे नेपाळ. सायकली, रिक्षा, भाजीवाले खुशाल येत-जात होते. आचारी टाक्या आणि पेटी घेऊन अलीकडेच एका धर्मशाळेत राहणार होता. दुसऱ्या दिवशी आम्ही याच वाटेनं परत येणार होतो. मी लॅपटॉप धर्मशाळेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला.

मॅनेजर. ‘सॉरी यार, क्लायंटनं डेट अलीकडे घेतली. आज-उद्याची लीव्ह होल्डवर टाकतोय. फक्त दुपारचे दोन-दोन तास दे. प्लीज.’

मी लिहिलं, ‘आज आम्ही सीमा ओलांडतोय. लॅपटॉप नेता येत नाही.’

उत्तर लगेच आलं. ‘अरे, तिथूनच लॉग-इन कर ना! बॉर्डरपासून किती लांब आहे? कोण बघतंय?’

मी लिहिलं, ‘नेपाळमधून लॉग-इन करायला सांगताय, हे ईमेलवर लेखी द्या.’

बराच वेळ पडद्यावर तीन ठिपके नाचत राहिले. मग आलं, ‘लेट्स नॉट कॉम्प्लिकेट. तू बघ कसं मॅनेज होतंय.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम याचं, तारीख क्लायंटची, नियम कंपनीचा, आणि मोडायचा मी. पकडलं गेलं तर ‘आम्ही तर असं सांगितलंच नव्हतं’. न पकडलं गेलं तर ‘बघ, झालं ना मॅनेज?’ चित भी मेरी, पट भी मेरी, आणि नाणं मात्र माझ्या खिशातलं. मला त्या कमानीखाली उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही. मी काय केलं, तर पप्पांकडे गेले आणि म्हणाले, ‘तुम्ही जा. मी इथे थांबते. उद्या तुम्ही परत याल तोवर माझं काम होईल.’

मावशी तिथेच होत्या. म्हणाल्या, ‘जाऊ द्या की त्यांना. मी हाय ना बघायला. माझ्या भावासारखेच हायेत.’ प्रमुखांनी आधी अट आठवून कपाळाला आठ्या घातल्या, पण मग तेही म्हणाले, ‘मी जबाबदारी घेतो. आपण काळजी करू नका.’

पप्पांनी बसच्या पायरीवरून आपली पिशवी खाली घेतली.

‘मीही थांबतो,’ ते म्हणाले. ‘परवानगी नाही म्हणजे नाही. लुंबिनी कुठे पळून जात नाही.’

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला माहीत असतं की तो खोटं बोलतोय. समोर कमान. तिच्या पलीकडे तासाभराच्या रस्त्यावर आईची लुंबिनी. आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. मी फोन काढला आणि पुन्हा लिहायला लागले. ‘कृपया माझी परिस्थिती समजून घ्यावी. वडील वयस्कर आहेत. ही रजा आधीच मंजूर…’

‘काय करतेयस?’ पप्पांनी विचारलं.

‘परत परवानगी मागतेय.’

समोरच्या सायकलींकडे बघत ते म्हणाले, ‘तुझ्या वेळेला मीही अर्ज दिला होता. साहेब दौऱ्यावर. अर्ज टेबलावर. मामाची तार आली, कळा सुरू झाल्यात म्हणून. माझ्या शेजारी कचेरीचा हिशेब बघणारे नाझर बसायचे, ते म्हणाले, अहो, तुम्ही जा, मी सांगतो साहेबांना. एसटी समोर उभी होती. मी काय केलं माहितेय? मी साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून राहिलो. म्हटलं, येतील तर पहिली सही आपली. एसटी गेली. संध्याकाळी दुसरी होती, तीही गेली. साहेब आले तेव्हा तू झाली होतीस. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, आता कशाला जाता? झालं ना सगळं नीट?’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला वाटायचं, परवानगी नाकारली असेल. नाकारलेलीच नव्हती. मागितली, आणि मागून बसून राहिले, एवढंच.

‘पप्पा, तुमची नवी नोकरी होती. गेली असती.’

‘हो, तेच मी तुझ्या आईला सांगत आलो. तिनं ऐकून घेतलं.’ त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. ‘ते खोड.’

मी खोडलं.

‘लिही. आज मुख्यालय सोडत आहे. उद्या संध्याकाळी परत हजर होईन. कळावे.’

‘आणि परवानगी?’

‘ती नाही मागायची. कळवायचं.’

मी लिहिलं. पप्पांनी वाचायला मागितलं, वाचलं, आणि ‘कळावे’च्या पुढे पूर्णविराम नव्हता तो घालायला लावला. मग मी फोन बंद केला. धर्मशाळेच्या कपाटाची कडी निसटलेली निघाली, तेव्हा आमच्या आचाऱ्यानं शिध्याची पेटी उघडली. कंपनीचा लॅपटॉप ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि लसणाच्या चटणीचा डबा यांच्या मध्ये गेला. देशाबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे, पिठात ठेवायचा नाही असा कुठेही नाही. आचाऱ्यानं कुलूप लावलं आणि विचारलं, ‘ताई, याला काही खायला-प्यायला लागत नाही ना?’

कमानीपाशी ओळखपत्रं बघत होते. पप्पांनी पाकिटातून मतदानाचं कार्ड काढलं, त्याला चिकटून आईचंही आलं. त्यांनी ते परत आत ठेवलं नाही. शिपायानं दोन्ही पाहिली, पप्पांकडे पाहिलं, आणि दोन्ही परत दिली.

लुंबिनीला जन्मस्थानावर एक पांढरी इमारत आहे. आत जुन्या विटांची जोती आहेत, त्यांच्याभोवती लाकडी वाटेनं फिरायचं आणि मधोमध काचेखाली जन्माची नेमकी जागा दाखवणारा दगड. रांग हळू सरकत होती, कुणी मंत्र म्हणत होतं, कुणी नुसतंच रडत होतं. मावशी दगडापाशी आल्या आणि एवढं बोलणारी बाई गप्प झाली, यावेळी कुणी न सांगता. पप्पांनी हात जोडले. माझा उजवा हात त्यांनी तेव्हाही आपल्या कोपरात घट्ट अडकवून ठेवला होता.

बाहेर आलो. तळं आहे तिथे, तळ्याकाठी मोठं झाड. पप्पा त्या झाडाकडे बघत म्हणाले, ‘महामाया फांदी धरून उभी होती म्हणतात. तुझी आई मामाचा हात धरून होती. माझा धरायला हवा होता तिनं.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘हवा होता.’ खोटं समाधान द्यायचं माझ्या मनात आलं नाही आणि त्यांनाही ते नको असावं. आम्ही बराच वेळ तिथे बसलो. फोन बंद होता. जगात कुठलंही बटण कुठल्याही रंगाचं असो, माझी काहीही हरकत नव्हती.

परत आल्यावर लॅपटॉप पेटीतून काढला तेव्हा त्याला लसणाचा वास येत होता. तो अजूनही गरम झाला की येतो. उघडला तर पहिलाच निरोप: क्लायंटनं तारीख पुन्हा पुढे ढकलली. त्या दोन दिवसांत कुणालाही माझी गरज पडली नव्हती. मीटिंगसुद्धा झाली नव्हती.

तरी पुण्याला आल्यावर मला खराडीला बोलावलं. काचेची खोली, मॅनेजर, आणि एचआरची एक मुलगी, फार मृदू आवाजाची. परवानगीविना अनुपस्थिती, ती म्हणाली. मी म्हणाले, रजा मंजूर होती. ती म्हणाली, होल्डवर होती. मी विचारलं, नेपाळमधून लॉग-इन कर, कोण बघतंय, असं मला लिहिलं गेलं, त्याचं काय? मॅनेजर आपल्या नखांकडे बघायला लागला. एचआरची मुलगी म्हणाली, ‘मॅम, आपण ब्लेम गेममध्ये नको जाऊया. इट्स अबाउट ट्रस्ट.’

विश्वास! तो हवेत बोलतो तेव्हा विश्वास, आणि मी लिहून कळवते तेव्हा बेशिस्त. ‘मी कळवून गेले,’ मी म्हणाले. ‘तारीख, वेळ, परत कधी येणार, सगळं. पूर्णविरामासकट.’ माझी कुठूनही काम करण्याची सवलत काढून घेण्यात आली. आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात.

तर आता मी रोज सकाळी वाघोलीहून निघते. नगर रस्त्यावर एका जागी इतका वेळ उभी असते की शेजारच्या रिक्षावाल्याची आणि माझी ओळख झालीय. खराडीला पोहोचते, त्या झोळीतल्या मुलीकडे रागानं बघते, वर जाते, काचेच्या खोलीत एकटी बसते, आणि कानात यंत्र घालून त्याच मीटिंगला बसते जिला घरून बसायचे. बाकीचे सगळे पडद्यावर. मॅनेजर महिनाभर हिमाचलात होता. त्याच्यामागे खरे डोंगर दिसायचे. ‘गाईज, एअर इतकी फ्रेश आहे ना इथे!’ आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे मी मनात म्हणायचे. म्यूटवर असल्यानं एकदा मोठ्यानंही म्हणून घेतलं.

परवाच्या सोमवारी दुपारी तो असाच डोंगर दाखवत बोलत होता आणि माझ्या फोनवर पप्पांचा निरोप आला. पप्पा निरोप टाइप करताना एकेक अक्षर शोधतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द विचारांती आलेला असतो.

‘आज मुख्यालय सोडत आहे. नागपूर, दीक्षाभूमी. संध्याकाळची गाडी. सोबत मावशी व त्यांचा मुलगा. किल्ली शेजारी दिली. चेअरमनना सांगितलेले नाही. कळावे.’

मी तो दोनदा वाचला. मग त्यांना अंगठा पाठवला, अंगठाच. आणि खुर्ची मागे सारून, म्यूट काढून, लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून म्हणाले, ‘मी निघतेय. वडिलांना स्टेशनवर सोडायचंय.’

डोंगरापुढचा चेहरा थबकला. ‘अरे, पण कॉल अजून… असं अचानक कसं विचारतेस?’

‘विचारत नाहीये,’ मी म्हणाले. ‘कळवतेय.’